श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

आमचे पडेगाव हे छत्रपती संभाजीनगर शहराच्या अंगास, दौलताबादच्या वाटेवर आहे. अलीकडे छावणी, पलीकडे देवगिरीचा किल्ला. म्हणजे दोन्ही बाजूंस शिपाईगिरीच. छावणीत एके काळी निजामाच्या कंटिंजंट फौजेचे घोडदळ असे आणि १८५७ च्या जून महिन्यात त्याच घोडदळातील स्वारांनी कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. देवगिरीचे महत्त्व आम्हा वारकऱ्यांना निराळ्या कारणाने आहे. त्या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे आमच्या नाथमहाराजांचे गुरु. स्वामी समाधीत असता किल्ल्यावर शत्रू चालून आला, तेव्हा कोवळ्या वयाच्या नाथांनी गुरूंचे चिलखत चढविले, घोड्यावर मांड ठोकली आणि शत्रूला पिटाळून लावले. गुरूंच्या समाधीला धक्का लागू दिला नाही, अशी कथा आमच्याकडे आजीबाईदेखील सांगतात.

परमार्थाला कमरेची तलवार आडवी येत नाही, हे या भागातील माणसाला म्हणूनच वेगळे सांगावे लागत नाही. परंतु प्रश्न पुढचा आहे. शिपाईगडी देवाकडे वळला म्हणजे त्याच्या शिपाईगिरीचे काय होते? घोडा विकला, तलवार खुंटीला टांगली, टाळ हाती घेतला, एवढ्यावर सगळे संपते काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात लख्ख दिसते, ते सत्पुरुष म्हणजे श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर. आमच्या भागातली मंडळी बहुधा पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालतात, त्यामुळे बाबांचे नाव आमच्याकडे ऐकू येते, पण चरित्र फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

घराणे व चाकरी

हैबतबाबांचे मूळ नाव हैबतराव पवार. गाव सातारा जिल्ह्यातील आरफळ. गावावरून पुढे आरफळकर हेच नाव रूढ झाले. घराणे मातबर, मराठ्यांच्या मानकरी कुळांतले. अशा घरचा मुलगा त्या काळी घोड्यावरच मोठा व्हायचा. हैबतराव उत्तरेस गेले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार झाले.

सरदारी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगितले पाहिजे. मराठी फौजेचा जीव घोडदळात. स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. धन्याच्या पागेतला घोडा घेऊन चाकरी करणारा तो बारगीर. असे स्वार हाताखाली बाळगायचे, त्यांच्या दाणावैरणीची, पगाराची, राहुट्यांची तजवीज पाहायची, कूच कधी आणि मुक्काम कुठे हे ठरवायचे, हे सरदाराचे काम. लढाई वर्षातून एखादी. चालणे मात्र रोजचे. हजारो माणसे, जनावरे, गाड्या, बाजारबुणगे, सगळा लोंढा गोंधळ न होता सकाळी निघाला पाहिजे आणि संध्याकाळी नेमल्या जागी उतरला पाहिजे. ज्याला हे साधले तो खरा सरदार. तलवार चालविणारे पुष्कळ मिळत, माणसे चालविणारा विरळा.

तो काळ मात्र मराठी दौलतीच्या उतरणीचा होता. महादजी शिंद्यांच्या मागे १७९४ साली दौलतराव गादीवर आले. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस आमच्याच मुलखात, भोकरदनजवळच्या असईला, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांनी मोड केला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी अंजनगावचा तह झाला आणि शिंद्यांचा मोठा मुलूख गेला. १८१० च्या सुमारास दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरला कायमची पडली. त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली. इतकी वर्षे घोडा हेच ज्यांचे शेत, त्या हजारो स्वारांना धनी उरला नाही. कुणी कंपनीच्या नाहीतर निजामाच्या नव्या रिसाल्यांत शिरले, कुणी गावाकडे नांगर धरला, कुणी लुटारूंच्या टोळ्यांत गेले. चालायची सवय असलेल्या पायांना वाट उरली नाही, असे ते दिवस. हे ध्यानात ठेवले म्हणजे हैबतबाबांनी पुढे जे केले त्याचे मोल कळते.

सातपुड्यातील कैद

चाकरीत मिळविलेले द्रव्य बरोबर घेऊन हैबतराव गावाकडे निघाले. ग्वाल्हेरहून दक्षिणेत यायचे म्हणजे नर्मदा उतरायची, सातपुडा ओलांडायचा आणि तापीच्या खोऱ्यात यायचे. सातपुड्याच्या रानात भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठले. द्रव्य लुटले आणि त्यांना सोबत्यांसह एका गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली, अशी कथा संप्रदायात परंपरेने चालत आली आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथा सांगताना पुष्कळ जण भिल्लांना नुसते दुष्ट दरोडेखोर करून मोकळे होतात. पण त्या वर्षांत फौजा आणि पेंढारी यांनी खानदेश उजाड केला होता, १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलेसुरले खाल्ले होते. डोंगरातल्या माणसाला पायथ्याच्या घोडेस्वाराकडून माया अशी मिळालीच नव्हती. शिंद्यांचा सरदार म्हणजे त्याच्या दृष्टीने ज्यांनी मुलूख तुडवला त्यांच्यातलाच एक. तेव्हा हैबतराव अंधारात कोंडले गेले ते एका अर्थी आपल्याच पेशाच्या पापाचे देणे फेडायला, असे आम्हाला वाटते.

गुहेत घोडा नाही, हत्यार नाही, हुकूम ऐकणारे कुणी नाही. सरदारीतले काहीच उरले नाही. उरला तो लहानपणापासून मुखात असलेला ज्ञानोबारायांचा हरिपाठ. हैबतरावांनी तो धरला. रात्र कुठली आणि दिवस कुठला हे कळायला मार्ग नव्हता. तोंडाने नाम चालू, एवढेच. असे एकवीस दिवस गेले म्हणतात. इकडे टोळीच्या नाईकाला मुलगा झाला. बाळ झाल्याच्या आनंदात त्याला कोंडलेल्या माणसांची आठवण झाली. आपल्या घरी जीव आला असताना दुसऱ्याचे जीव गुदमरून का मारावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने शिळा काढविली. आत पाहतो तो ही माणसे हरिपाठात रंगलेली. त्याने सन्मानाने त्यांना सोडले आणि लुटलेले द्रव्यही परत केले.

कुणी म्हणेल हा योगायोग. म्हणोत बापडे. नाईकाच्या मनात दया उपजली, हा चमत्कार लहान आहे काय? शिळा हलवायला चार माणसे पुरतात. मन हलवायला देव लागतो. आणि बाळ जन्मले ते नाईकाच्या घरी एकच नव्हे. गुहेतून जे बाहेर आले ते हैबतराव नव्हते, हैबतबाबा होते.

आळंदीचा मुक्काम

बाबांची वाट आता बदलली. आरफळला घर होते, वतन होते, सोयरे होते. पण ज्यांच्या हरिपाठाने जीव वाचला त्यांचेच हे उरलेले आयुष्य, असा हिशेब करून त्यांनी आळंदी गाठली आणि माउलींच्या समाधीपाशी ठाण मांडले. सरदाराने धनी बदलला. पहिला धनी दौलत देणारा होता, दुसऱ्याकडे मागायचे काही उरलेच नव्हते.

बाबांचा नेम कडक होता. रात्री शेजारती झाली की समाधीसमोर भजनास उभे राहायचे ते पहाटे काकड आरती होईपर्यंत. बसायचे नाही. आता वाचकहो, हे कुठून आले ते बघा. फौजेत रात्रीचा पहारा असतो. धनी झोपला की चौकीदाराने उभे राहायचे, डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. बाबांनी पहारा सोडला नाही. फक्त डेरा बदलला. माउली विश्रांती घेताहेत आणि त्यांचा शिपाई दाराशी टाळ घेऊन जागा आहे, असे ते भजन होते.

सोहळ्याची बांधणी

पंढरीची वारी ज्ञानोबारायांच्याही आधीची. संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याची चाल तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली घातली. ते देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीस येत आणि तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पुढे जात. ज्ञानोबा-तुकाराम हा जोडनामाचा गजर याच वाटेवर घुमला. पुढे शे-दीडशे वर्षांनी देहूकर मंडळींत सोहळ्याच्या मानासंबंधी तंटे उत्पन्न झाले. तेव्हा माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्रपणे नेण्याचे काम हैबतबाबांनी अंगावर घेतले. एकोणिसाव्या शतकाचा पहिला तिसरा हिस्सा सरत असतानाची ही गोष्ट. १८३२ च्या सुमारास त्याला आजचे रूप आले, असे मानतात.

प्रारंभी थाट काहीच नव्हता. माउलींच्या पादुका गळ्यात बांधून बाबा चालत, बरोबर थोडे टाळकरी. पण वारकरी जमू लागले. जमलेली माणसे नुसती जमून भागत नाही, ती बांधावी लागतात. येथे बाबांचा जुना पेशा कामी आला. मदतीला उभे राहिले ते अंकलीचे शितोळे सरदार. अंकली हे गाव आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. शितोळे घराणे शिंद्यांच्या सोयरिकीतले, म्हणजे बाबांच्या जुन्या जगातलेच. त्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सेवा पत्करली. वासकर, खंडोजीबाबा यांच्यासारखी फडकरी मंडळी दिंड्या घेऊन आली. सरदाराने सामान आणले, फडकऱ्यांनी भजन आणले, बाबांनी दोहोंचा मेळ घातला.

आता फौजेची चाल आणि सोहळ्याची चाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. फौजेपुढे नौबत असे. सोहळ्यापुढे नगाऱ्याची गाडी आहे. फौजेच्या बिनीवर जरीपटका घेतलेला स्वार असे. सोहळ्यातही पताका घेतलेला स्वार पुढे आहे. फौजेत पथके असत, प्रत्येकाची जागा ठरलेली. येथे दिंड्या आहेत, काही रथाच्या पुढे, काही मागे, प्रत्येकीला क्रमांक. आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेत शिरायचे नाही. दिंडीच्या आतही रचना आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या मायबहिणी. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, कोणत्या वारी कोणते, याची मालिका ठरलेली. सकाळी कर्णा वाजतो. पहिल्याला आवरायचे, दुसऱ्याला दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला सोहळा चालू लागतो. फौजेचे कूच याहून वेगळे नसे.

मुक्कामावर तंबूपुढे समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार चोप वर करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्याने हे प्रत्यक्ष पाहिले त्याला त्या क्षणाची शांतता जन्मभर विसरत नाही. अशा वेळी एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला तर समजावे की तिची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मगच पुढे आरती. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या कूचाची वेळ सांगतात. फौजेत तक्रार करणाऱ्याला फटके बसत. येथे तक्रारीला टाळाचा मान आहे. गरिबातल्या गरीब दिंडीनेदेखील टाळ वाजवीत राहावे आणि सगळा सोहळा तिच्यासाठी थांबावा, ही सोय या व्यवस्थेत आहे. शिस्त म्हणजे धाक असे ज्यांना वाटते त्यांनी हे पाहावे.

आणि घोडे! अंकलीहून दोन घोडे दरसाल पायी आळंदीस येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा रिकामा, तो माउलींचा. त्यावर कुणी बसायचे नाही. रिंगणात पुढे स्वाराचा घोडा आणि मागे माउलींचा घोडा अशी दौड होते, लाखो डोळे त्या मोकळ्या खोगिराकडे लागतात आणि टापांखालची माती माणसे कपाळी लावतात. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण, पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी येथे गोल रिंगण, पुढे बाजीरावाची विहीर, वाखरी असे ते सुख वाटेत मिळत जाते. आम्हास येथे नेहमी एक वाटते. सगळ्या फौजा कुणातरी घोड्यावर बसलेल्या माणसामागे चालत आल्या. ज्याने उभे आयुष्य घोड्यावर काढले त्या सरदाराच्या सोहळ्यात पहिल्या मानाचा घोडा मात्र माणसाविना चालतो. सेनापतीची जागा मोकळी ठेवून फौज चालवायची, हे हैबतबाबांनाच सुचावे.

या फौजेला शत्रू नाही. ती गावात शिरते तेव्हा गाव ओस पडत नाही, भाकरीची टोपली घेऊन बाहेर येते. तीच माणदेश-पंढरीकडची वाट, तीच खेडी. पूर्वी घोड्यांच्या टापा ऐकून दारे लावली जात, आता टापांची धूळ मिळावी म्हणून बायाबापड्या ताटकळतात. १८१८ नंतर ज्यांना कुठे चालायचे ते कळेना, त्या मुलखाला बाबांनी पुन्हा चालायला लावले.

सोहळा पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करीत नीरेला येतो. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते आणि पलीकडे सातारा जिल्ह्यात पहिले पाऊल पडते ते पाडेगावच्या शिवारात. आमचे पडेगाव, ते पाडेगाव. एका कान्याचा काय तो फरक! नावाच्या या नात्याने आम्ही तिथल्या मंडळींचा हेवा करतो. बाबांचा जिल्हा लागतो तो तिथून.

पायरी

बाबांनी देह आळंदीतच ठेवला. त्यांची जागा कुठे आहे ठाऊक आहे ना? गाभाऱ्याशेजारी नव्हे. माउलींच्या महाद्वारातली पायरी ती हैबतबाबांची. दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल आधी तिच्यापाशी येते. पंढरीत नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी पत्करली, आळंदीत हैबतबाबांनी. शिपायाची जागा दारातच, नाही का? पहाऱ्यावरून ते अजून उठलेले नाहीत.

त्यांचा मानही तसाच जपलेला आहे. कार्तिक वद्य अष्टमीस हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होते आणि मगच माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो. ज्येष्ठ वद्यात प्रस्थानाच्या दिवशी संस्थानची आरती होते तशी बाबांच्या वतीनेही आरती होते आणि पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर आरफळकर मालक म्हणून चालतात. २०२० आणि २०२१ या साली महामारीमुळे पायी सोहळा निघू शकला नाही. माउलींच्या पादुका एस. टी. च्या बसने पंढरीस गेल्या. पण २०२२ साली पुन्हा दिंड्या उभ्या राहिल्या त्या आपापल्या जागी, आपापल्या क्रमांकाने. दोन वर्षे रिकामी गेली तरी कुणाला नव्याने कवायत शिकवावी लागली नाही. एवढी ती बांधणी पक्की.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? संसारी माणसाची नेहमीची खंत असते की, सगळे आयुष्य धंद्यात, चाकरीत गेले, देवाच्या उपयोगी असे हाताशी काही राहिले नाही. शिपाई म्हणतो मला फक्त बंदूक येते, कारकून म्हणतो मला फक्त खतावणी येते, शेतकरी म्हणतो मला फक्त औत येते. हैबतबाबांना फक्त फौज चालविता येत होती. त्यांनी तीच विद्या देवापुढे ठेवली, आणि देवाने ती ठेवून घेतली. टाकून दिले ते मालकीपण तेवढे. जे येते ते द्यावे, आणि आपले नाव पायरीला लावावे, एवढे त्यांचे सांगणे.

आणि एक रोकडी गोष्ट. हल्ली वाटेवर मधेच दिंडीत घुसणारे, रिंगणात घोड्याच्या अंगावर जाणारे, दर्शनाच्या रांगेत खांदा मारणारे पुष्कळ दिसतात. आपण नाथांच्या पालखीत असा की माउलींच्या, पुढच्या माणसाला ढकलण्यापूर्वी एकदा आठवावे, की ही शिस्त एका माणसाने एकवीस दिवसांच्या अंधारातून बाहेर आणलेली आहे. तिसरा कर्णा होईस्तोवर आपल्या जागी उभे राहणे, हीदेखील हैबतबाबांची पूजाच होय.